नव्या बोटींची नावे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'नव्या बोटींची नावे' असे लिहून दिले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे, फार तर कंत्राटी पद्धतीवर दोन तास घ्यावेत. हा बारशावर कशाला बोलतो, असे काही जणांच्या मनात आले असेल. पण बारसे हाही हक्काचाच प्रश्न आहे. नाव कोणी ठेवायचे यावरून घराघरांत आत्याबाई रुसून बसतात, हे आपण सर्वजण जाणतो. मग ज्या बोटीत शेकडो माणसे रोज जिवाची जोखीम घेऊन बसणार आणि ज्या बोटीवर पाच-पंचवीस माणसे पोटासाठी राबणार, तिचे नाव ठेवताना या दोघांनाही कोणी विचारू नये, ही कुठली रीत?

विषय आजच काढण्याचे कारण असे, की आपल्या किनाऱ्यावर प्रवासी बोटी पुन्हा येऊ लागल्या आहेत. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी पोटात घेऊन जाणारी बोट २०२० साली सुरू झाली. आपल्याच सावित्रीच्या मुखाशी बागमांडल्याहून वेशवीला फेरीबोट जाते. गोव्यात चोडण आणि रायबंदर यांच्या दरम्यान २०२५ साली दोन नव्या मोठ्या फेरीबोटी आल्या. उद्या सावित्रीतला गाळ काढला आणि दासगावच्या धक्क्याला पुन्हा प्रवासी बोट लागली, तर तिच्या अंगावर काय लिहायचे? त्या दिवशी पुढारी येतील, फीत कापतील आणि वरून आलेले नाव वाचून दाखवतील. त्याच्या आत आपण विचार केलेला बरा.

या खाडीला बोटीचे नाव नवे नाही. दासगावाच्या इतिहासातील सर्वांत मोठा दिवस एका बोटीच्या नावाला बांधलेला आहे. १९२७ सालच्या २४ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे दोनशेहून अधिक प्रतिनिधी मुंबईहून महाडच्या सत्याग्रहासाठी निघाले, ते 'पद्मावती' बोटीने. धरमतरला उतरून पुढे मोटारीने येण्याची वाट होती. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी अस्पृश्यांना गाडीत घेण्यास नकार दिला तर काय करायचे? दासगावाहून महाड अवघे पाच मैल. तेवढे पायी चालून जाता येते. तेथे कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. म्हणून पाण्याची वाट धरली. २५ तारखेच्या दुपारी मंडळी दासगाव बंदरात उतरली, तेव्हा तीन हजार सत्याग्रही धक्क्यावर उभे होते. त्याच रात्री महाडला मनुस्मृती जाळली गेली.

आता या 'पद्मावती'चे नाव कोणी ठेवले? त्या काळी मुंबईच्या आगबोट कंपन्यांत बायकांच्या नावांची चाल होती : पद्मावती, चंपावती, हिरावती, चंद्रावती, प्रभावती. एकीला 'वती' लावले की दुसरीलाही लागायचे. यातली पद्मावती म्हणजे कोठली देवी, कोण्या शेठची कन्या की नुसताच गोड शब्द, हे डेकवर वळकटी पसरून झोपणाऱ्या चाकरमान्याला कधी ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याचे त्याला कारणही नव्हते. पण एका डिसेंबरात त्या बोटीने जी माणसे वाहिली, त्यांच्यामुळे त्या नावाला अर्थ आला. नाव ठेवणाऱ्याने तो दिला नव्हता. आम्हांस ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. परक्या कंपन्यांच्या मुजोरीला कंटाळून स्वदेशीच्या उत्साहात कोकणच्या वाहतुकीसाठी इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी निघाली. एवढे लांब नाव कोकणी माणसाच्या तोंडात कसे मावणार? त्याने तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणायला सुरुवात केली. पाहा, कचेरीने ठेवलेले नाव कागदावर राहिले आणि उतारूंनी ठेवलेले नाव टिकले. 'माझी' हा शब्द भांडवल किती यावरून येत नाही. आपल्याला तेथे माणसासारखे वागवतात की नाही, यावरून येतो. या कंपनीने आपल्या बोटींना साधुसंतांची नावे दिली : तुकाराम, रामदास, सेंट अँथनी, सेंट झेवियर. हिंदूंचे संत आणि ख्रिस्ती संत एकाच धक्क्याला शेजारी शेजारी लागत. उतारू कोण आहेत याचा विचार करून ठेवलेली ती नावे होती, आणि त्याबद्दल त्या मंडळींना मान दिला पाहिजे.

पण संताचे नाव दिल्याने लाट अदब राखत नाही. 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन्ही बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या. 'पद्मावती' दासगावकडे निघाली त्याच्या अगोदर सहा आठवडेच ही दुर्घटना घडली होती. त्या दोनशे माणसांनी कोणत्या मनाने बोटीत पाय ठेवला असेल, याचा विचार आपण सत्याग्रहाच्या गोष्टी सांगताना करीत नाही. पुढे पाण्याच्या तळ्यासाठी झगडा आणि मागे समुद्राची ही ताजी बातमी!

आणि मग १७ जुलै १९४७. अमावास्येचा दिवस, गटारीची सुट्टी, भाऊच्या धक्क्यावरून सकाळी 'रामदास' निघाली ती रेवसला जायला. काश्याच्या खडकाजवळ ती एका बाजूला कलली आणि गेली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. कोळी बांधवांनी आपले मचवे घालून सापडतील तेवढी माणसे ओढून काढली. मुंबईस बातमी पोचायला दुपार उलटली.

आपल्या भाषेकडे जरा लक्ष द्या. कोकणात कोणी 'रामदास बुडाला' म्हणत नाही. 'रामदास बुडाली' म्हणतात. 'तुकाराम बुडाली' म्हणतात. बोट स्त्रीलिंगी म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी, असे व्याकरणाचे मास्तर सांगतील, आणि ते बरोबरच आहे. पण त्या एका 'ली' मध्ये आमच्या अडाणी आजीने समर्थांना बाजूला काढून सुखरूप ठेवले आणि दोष असलाच तर तो बोटीचा, असे सांगून टाकले. संत बुडत नाही, बोट बुडते. मोठ्या माणसांची नावे लोखंडाला देणाऱ्यांनी हे व्याकरण लक्षात ठेवावे. बोट गाळात रुतते, तिचे इंजिन बंद पडते, तिचा संडास तुंबतो. उद्या एखाद्या बोटीला महापुरुषाचे नाव दिलेत, तर तीत काम करणाऱ्या खलाशाने वरच्या साहेबाला फोनवर नेमके काय सांगायचे, हेही ठरवून द्या. नाहीतर कोणाच्या तरी भावना दुखावतील आणि नोकरी खलाशाची जाईल.

'रामदास'वर गेलेल्या माणसांचा आकडा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा वाचायला मिळतो. बोटीचे नाव सर्वांना पाठ, आणि तीत मेलेल्या माणसांची मोजदाद एक नाही. आमच्या बोलण्याचा सारा गाभा येथे आहे. २०२४ सालच्या १८ डिसेंबरला मुंबई बंदरात घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नाव आदळली, तेव्हाही पहिला प्रश्न हाच पडला की आत माणसे किती होती. 'नीलकमल' किती सुंदर नाव! पण संध्याकाळी घरी न आलेल्या माणसाचे नाव कोणत्या वहीत शोधायचे? सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. त्या गाड्यांना नाव नव्हते, नंबर होते. पण त्यांच्या चालक-वाहकांची नावे आगाराच्या हजेरीत होती.

हजेरीचा विषय निघाला म्हणून आमच्या कामातली एक हकीकत सांगतो. एका खाडीवरच्या लाँचचे कामगार आमच्या संघटनेकडे आले होते. खाडी कोणती आणि मालक कोण, हे सांगण्याची गरज नाही. लाँचला मालकाच्या नातीचे नाव होते, आणि नारळी पौर्णिमा आली की ते नाव दरवर्षी सोनेरी रंगाने उजळले जाई. आम्ही हजेरीपत्रक मागितले. पुष्कळ टाळाटाळीनंतर एक वही पुढे आली. तीत लिहिले होते : तांडेल १, खलाशी १, खलाशी २, खलाशी ३. खलाशी २ म्हणून जो होता, त्याने त्या लाँचवर बावीस वर्षे काढली होती. लाकडाला नाव आणि माणसाला नंबर! पगारवाढीची मागणी आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवली. पहिली मागणी लिहिली ती अशी, की वहीत आमची पूर्ण नावे घाला, वडिलांच्या नावासकट. कामगार अधिकारी हसले. पण वहीत नाव नाही त्याला प्रॉव्हिडंट फंड नाही, आणि पाण्यात पडला तर त्याच्या बायकोला भरपाई नाही, हे पाहून त्यांचे हसू थांबले. नावे चढायला सात महिने लागले. पगार त्यानंतर वाढला.

यामुळे बोटीचे नाव म्हटले की आम्ही आधी अंगावरची अक्षरे पाहत नाही, आतली वही मागतो. तरीही अंगावरच्या अक्षरांना किंमत आहेच, आणि ती कोण ठरवतो यावरून पुष्कळ कळते. स्वदेशी जहाजवाहतुकीचा मानदंड म्हणून आपण 'लॉयल्टी' या जहाजाचे नाव घेतो. सिंदिया कंपनीचे हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, आणि तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण 'लॉयल्टी' म्हणजे निष्ठा, कोणाशी? ग्वाल्हेरच्या महाराजांनी पहिल्या महायुद्धात हे जहाज इस्पितळ म्हणून दिले, तेव्हाचे ते नाव. निष्ठा इंग्रज बादशहाशी. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाज विकत घेतले, त्याबरोबर नावही आले. जहाज सुटल्यावर आठव्या दिवशी अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. नाव बदलण्याएवढी फुरसद स्वदेशीवाल्यांना मिळाली नसेल, हे आम्ही समजू शकतो. तरी ती पाटी वाचताना कसेसेच होते. पुढे मुंबई-गोवा मार्गावर 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' आल्या. नावे मराठी, अर्थ सरळ. १९८० च्या दशकात ती वाहतूक बंद पडली, आणि सेवकही गेला, शक्तीही गेली. गोव्याच्या २०२५ सालच्या दोन फेरीबोटींची नावे 'गंगोत्री' आणि 'द्वारका'. दोन्ही नावे पवित्र आहेत. पण मांडवी ओलांडणाऱ्या चोडणच्या भाजीवालीला आपल्या नदीत, आपल्या बेटात, आपल्या देवळा-चर्चेत एखादे नाव सापडले नसते काय? केरळातील मंडळींनी कोचीच्या नव्या जलवाहतुकीतील पहिल्या बोटीला 'मुझिरिस' म्हटले, त्यांच्याच किनाऱ्यावरच्या प्राचीन बंदराचे नाव. तेथल्या पोराला ते नाव वाचून शाळेत एखादा प्रश्न तरी विचारता येईल. मांडव्याच्या बोटीच्या 'एम टू एम' या नावावर काय प्रश्न विचारणार? ते नाव नव्हे, पार्सलवरचा पत्ता आहे.

मग लोकांनाच विचारले तर? ऑस्ट्रेलियात सिडनी शहराने असे विचारले. २०१७ साली एका नव्या फेरीबोटीला 'फेरी मॅकफेरीफेस' असे थट्टेचे नाव दिले गेले, आणि जनतेने मते दिली म्हणून दिले, असे सांगण्यात आले. पुढे उघड झाले की ते नाव मतांत पहिले नव्हतेच! लोकांच्या नावावर मंत्र्यांनी आपला विनोद खपवला होता. ते नाव काढून २०१८ साली मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या मे गिब्स या बाईंचे नाव बोटीला दिले गेले. मतमोजणी लोकांसमोर झाली नाही तर काय होते, हे युनियनच्या निवडणुका लढलेल्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही. न्यूयॉर्कला मात्र शाळेतल्या मुलांना नावे सुचवायला सांगितली. एका बोटीला मुलांनी 'लंचबॉक्स' म्हटले. आपल्या भाषेत 'जेवणाचा डबा'. आम्हांस हे नाव मनापासून आवडते. रोज कामाला जाणाऱ्या माणसाच्या हातात काय असते, ते त्या पोरांनी बरोबर पाहिले. त्याच शहरात स्टेटन बेटावर जाणाऱ्या नव्या बोटींत एकीचे नाव डोरोथी डे या गरिबांसाठी झटलेल्या बाईंचे आहे, आणि दुसरीचे 'सँडी ग्राउंड', म्हणजे गुलामीच्या काळात स्वतंत्र काळ्या लोकांनी त्या बेटावर वसवलेल्या वस्तीचे.

पण या सगळ्यांपेक्षा आमच्या मनात घर केले ते लंडनच्या वुलिच तरीने. टेम्स नदीवरची ही तर १८८९ पासून फुकट चालते. आपल्याकडच्या तरीच्या लिलावदारांनी हे ऐकून ठेवावे. १९६३ साली तेथे तीन बोटी आल्या. एकीचे नाव 'जॉन बर्न्स'. हा १८८९ च्या गोदी कामगारांच्या मोठ्या संपाचा पुढारी. दुसरीचे 'अर्नेस्ट बेव्हिन'. हा वाहतूक कामगारांच्या युनियनचा संस्थापक, पुढे परराष्ट्रमंत्री झालेला. तिसरीचे तेथल्या एका नगराध्यक्षाचे. पन्नासहून अधिक वर्षांनी या बोटी मोडीत निघाल्या आणि दोन नव्या बोटी आल्या. एकीला गायिका व्हेरा लिन यांचे नाव मिळाले. दुसरीचे नाव 'बेन वूलाकॉट'. हा कोण? मंत्री नव्हे, पुढारीही नव्हे. ऑगस्ट २०११ मध्ये याच तरीवर धक्क्याच्या दोराने ओढला जाऊन पाण्यात पडलेला आणि मेलेला एकोणीस वर्षांचा खलाशी. त्याची घराणी पिढ्यान् पिढ्या नदीवर काम करीत आलेली. आज त्याच धक्क्याला त्याच्या नावाची बोट लागते. दोर टाकणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांसमोर ती अक्षरे असतात, आणि साहेबांच्याही डोळ्यांसमोर असतात. सुरक्षेची शंभर पत्रके त्या एका नावाएवढे काम करणार नाहीत.

आता आपल्या घराकडे या. दासगावच्या बोटीला नाव द्यायचे तर आपल्याकडे नावांचा तोटा नाही. कामगार म्हणून आम्हांस प्रथम आठवतात कॉम्रेड आर. बी. मोरे. ते या दासगावचे. १९२७ ची महाडची परिषद घडवून आणणाऱ्यांत ते पुढे होते. पुढे लाल बावट्याखाली आले आणि 'जीवनमार्ग' पत्र काढले. येथून थोड्याच अंतरावर गोरेगावला १८७९ साली ना. म. जोशी जन्मले; देशातली पहिली कामगार महासंघटना १९२० साली ज्यांनी उभी केली, त्यांत ते अग्रणी. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर आहेत. पलटणीतून निवृत्त होऊन १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस आहेत, अनंतराव चित्रे आहेत. यांपैकी कोणाच्याही नावाला आमचा हात वर होईल. पण आत्ताच सांगितलेला 'रामदास बुडाली'चा न्याय आम्ही आमच्या पुढाऱ्यांना लावणार नाही, असे कसे म्हणता येईल? शिवाय मोठ्या नावांवरून भांडण होते. एका बाजूने एक सुचवला की दुसरी बाजू दुसरा सुचवते, आणि बोट वर्षभर धक्क्यालाच.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. पहिल्या बोटीला 'पद्मावती'च म्हणावे. ते नाव कोणत्याही पक्षाचे नाही, कोणत्याही जातीचे नाही, ते या धक्क्याने आपल्या अंगावर झेललेले आहे. आत उतारूंना दिसेल अशा ठिकाणी चार ओळींची पाटी लावावी : १९२७ साली या नावाच्या बोटीने कोण आले, का आले आणि येथून महाडला पायी का गेले. भेटायला आलेला जावई ती वाचील, आणि शाळेतली मुलगी तर नक्कीच वाचील. दुसरी बोट आली तर तिचे नाव या खाडीवर राबताना गेलेल्या एखाद्या खलाशाचे किंवा बंदरावरच्या हमालाचे असावे. त्याच्या घरच्यांची संमती असेल तरच, आणि कोणाचे ते रोज येणाऱ्या उतारूंनी आणि बोटीवरच्या कामगारांनी मिळून ठरवावे. मतपेटी एस.टी. स्टँडवर ठेवा, बंदरावर ठेवा, आणि मोजणी चारचौघांत करा.

काही मंडळी विचारतात, माणसे बोटीला नावाने कोठे ओळखतात? 'साडेसातची' म्हणतात, नाहीतर 'अमक्या तांडेलाची' म्हणतात. खरे आहे. रोजच्या दिवशी नाव लागत नाही. ते लागते पहिल्या दिवशी हार घालताना, आणि ज्या दिवशी बोट वेळेवर आली नाही त्या दिवशी बंदराच्या कचेरीत विचारताना. दुसऱ्या दिवसासाठी ते लहान पोरालाही उच्चारता यावे, आणि दुसऱ्या कोणत्याही बोटीच्या नावाशी घोळ होऊ नये, एवढे पाहावे. तेथे कचेरीतला माणूस वही उघडेल. तीत त्या फेरीला उतारू किती चढले याचा आकडा हवा, तांडेल-खलाशांची पूर्ण नावे हवीत, बोटीची तपासणी कधी झाली त्याची तारीख हवी. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नोंदणी, तपासणी आणि कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रे सक्तीची केलेली आहेत. कायदा छापलेला आहे. वही उघडी आहे की नाही ते धक्क्यावर उभे राहून आपणच बघायचे.

शेवटी अक्षरांविषयी. नाव देवनागरीत असावे, बोटीच्या पुढच्या भागावर दोन्ही बाजूंनी आणि मागे, पलीकडच्या काठावरून वाचता येईल इतके मोठे. त्याच्या खाली किती माणसे बसायची तो आकडा, त्याच उंचीच्या अक्षरांत. सध्या तो आकडा दरवाजामागे बोटभर अक्षरात लिहिण्याची पद्धत आहे. आणि हे सर्व ज्या रंगाऱ्याकडून लिहून घ्याल, त्याची मजुरी त्याच संध्याकाळी त्याच्या हातावर ठेवा.